दिवा एका बटणावर, एक्झॉस्ट दुसऱ्या : नाशिकच्या एका फ्लॅटमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदिरानगरमधली वीसेक वर्षं जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. घरात चौघं: नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नवऱ्याचे वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरच्यांचे तपशील थोडे बदलले आहेत, वायरिंगचे बदललेले नाहीत.

अण्णांच्या खोलीला लागून जे बाथरूम आहे त्यात बिल्डरने एकच पॉइंट दिला होता, दिव्याचा. एक्झॉस्ट नंतर आला. टाइल्स बदलल्या, वर पीव्हीसी पॅनेलचं छत केलं, त्याच वेळी व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या काढून तिथे पत्र्याच्या बॉडीचा पंखा बसवला. त्याला वीज कुठून द्यायची? दिव्याच्या रोझमधून, म्हणजे दिव्यापाशी तारा जोडतात त्या डबीतून, दोन तारांची चपटी वायर ओढली आणि पंख्याला जोडून टाकली. त्यामुळे बाहेरच्या बोर्डावरचं एक बटण दाबलं की दिवाही लागतो आणि पंखाही. आपल्याकडच्या निम्म्या बाथरूमांची हीच गोष्ट असावी. एक्झॉस्ट मागून येतो आणि दिव्याच्या जिवावर राहतो.

अडचण

पंखा जुना झाला तसा आवाज वाढला. रात्री दोन-अडीचला अण्णा उठले आणि बटण दाबलं की शेजारच्या खोलीत नात जागी होई. कुणी तक्रार केली नव्हती, पण अण्णांनी स्वतःच दिवा लावणं सोडलं. पॅसेजमधला दिवा लावायचा, बाथरूमचं दार अर्धवट उघडं ठेवायचं आणि त्या तिरिपेत काम भागवायचं. जानेवारीत एकदा ओल्या फरशीवर पाय सरकला. नळ हाताला लागला म्हणून पडले नाहीत. मनगट मुरगळण्यावर निभावलं. सुनेने त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, "आता हे पंख्याचं काहीतरी करा, नाहीतर मी तो काढून भंगारात घालते."

दुसरी अडचण थंडीची. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो. अशा वेळी गिझरच्या पाण्याने आंघोळ करताना डोक्यावर एक्झॉस्ट चालू असेल, तर तो सगळी ऊब बाहेर फेकतो आणि दाराखालच्या फटीतून गार वारा आत ओढतो. यावर घरमालकांनी, म्हणजे अण्णांच्या मुलाने, स्वतःच उपाय शोधला होता. हिवाळ्यात पंख्याची वायर सोडायची, पावसाळ्यापूर्वी परत जोडायची. जोड टेपने गुंडाळलेला, आणि तोही व्हेंटिलेटरपाशी, जिथे पावसाची झड थेट येते.

म्हणजे मागणी साधी होती. दिव्याला एक बटण, पंख्याला दुसरं.

अर्ध्या तासाचं काम

पॅसेजमधला बोर्ड सहा मॉड्यूलचा. बाथरूमचं बटण, पॅसेजच्या दिव्याचं बटण, एक सॉकेट, त्याचं बटण आणि एक कोरी पट्टी. कोरी जागा दिसल्यावर बोलावलेला वायरमन म्हणाला, "साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे. इथे एक स्विच बसवला की झालं."

बोर्डावर जागा असणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. प्रश्न असतो पाइपात तारा किती आहेत हा. वेगळं बटण म्हणजे बोर्डापासून पंख्यापर्यंत वेगळी तार. न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) दोघांना एकच चालते, अर्थही (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) एकच चालते, पण बटणातून निघणारा फेज (वीज आणणारी तार) दोघांना स्वतंत्र हवा. दिव्याला एक, पंख्याला एक, न्यूट्रल आणि अर्थ अशा चार तारा लागतात. वायरमनने दिव्याचा रोझ उघडला तर आत तीनच: लाल (फेज), काळी (न्यूट्रल), हिरवी (अर्थ).

हिरवीचं टोक दुमडून टेप लावून ठेवलेलं होतं. ती कशालाच जोडलेली नव्हती. दिवा प्लॅस्टिकचा, त्याला अर्थ लागत नव्हती. पंख्याला दोन तारांचीच वायर होती, म्हणून त्यालाही कुणी दिली नाही. वायरमनने सुचवलं, "ही हिरवी मोकळीच आहे. हिच्यावर पंखा टाकून देतो. भिंत फोडायला नको, काही नको."

घरमालक अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहेत. तिथे हिरव्या वायरला हात लावायची कुणाची टाप नसते. त्यांनी वायरमनला चहा पाजला, काम थांबवलं आणि मला फोन केला. मी वायरिंगची कामं घेतो, परवाना आहे, आणि त्यांच्या कारखान्यातल्या एकाच्या घरी आधी काम केलं होतं.

वायरमनची बाजूही सांगायला हवी. तो अडाणी नव्हता. आमच्याकडे मजुरी पॉइंटवर ठरते. पाइपात तार ओढायला अर्धा दिवस गेला तरी गिऱ्हाईक एका पॉइंटचेच पैसे देतं आणि वर विचारतं, "एका बटणाला एवढा वेळ?" अशा हिशोबात हिरवी तार मोहात पाडते.

पर्याय

हिरव्या तारेचा पर्याय आधी निकालात काढला, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून होतं.

पंखा पत्र्याचा. बाथरूममधली वाफ आणि धूळ वर्षानुवर्षं मोटरीत साचते, वेटोळ्याचं इन्सुलेशन कमजोर होतं आणि एक दिवस फेज बॉडीला लागतो. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्या क्षणी मोठा करंट वाहतो आणि एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडते. अर्थ नसेल तर काहीच होत नाही. पंखा फिरत राहतो आणि त्याचा पत्रा २३० व्होल्टवर गुपचूप बसून राहतो. मग कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून ओल्या फडक्याने तो पुसतं. माणसाच्या अंगातून जाणारा शंभर मिलिअँपिअरहून कमी करंटही जीव घ्यायला पुरतो, पण ६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे ६००० मिलिअँपिअरच्या हिशोबात, तो जाणवतही नाही.

"मग प्लॅस्टिकचा पंखा बसवू," असं घरमालक म्हणाले. दुहेरी इन्सुलेशनचा पंखा असेल, चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, तर त्याला अर्थ लागत नाही, हे खरं. पण बोर्डात हिरव्या तारेतून फेज जाऊ लागला की पुढे येणाऱ्या माणसाला ते कळणार कसं? तो हिरवी पाहील, अर्थ समजेल आणि एखाद्या नव्या लोखंडी उपकरणाच्या बॉडीला जोडेल. इथे पंखा कुठला हा मुद्दाच उरत नाही. हिरवी तार आज वापरात नव्हती, कारण पाच वर्षांपूर्वी पंखा बसवणाऱ्याने ती जोडायची टाळली होती. तिचं काम शिल्लकच होतं.

राहिले चार रस्ते.

पंख्याला बाथरूमच्या आतच बटण देणं. इंग्लंडमध्ये बाथरूममध्ये छताला लोंबणाऱ्या दोरीचे स्विच सर्रास असतात, बटण वर कोरडं आणि हातात फक्त दोरी. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, आणि साधं बटण आत, शॉवरच्या उडणाऱ्या पाण्यात, मी देत नाही.

रिमोट किंवा मोबाइलवर चालणारं मॉड्यूल. रोझपाशी कायम फेज द्यायचा आणि मॉड्यूलने दिवा आणि पंखा वेगवेगळे चालवायचे. नवी तार लागत नाही. मुलीला हे फार आवडलं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री रिमोट कुठे शोधू?" शिवाय वाफेच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी किती टिकेल याची मला खात्री नव्हती. अगदीच इलाज चालला नाही तर म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला.

केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून तारा नेणारी प्लॅस्टिकची पट्टी. बोर्डापासून वर, दाराच्या चौकटीवरून, भिंतीला भोक पाडून आत. दोन तासांत होणारं, पक्कं आणि सुरक्षित काम. दिसतं मात्र. सुनेचं म्हणणं, नुकताच रंग दिलाय, पॅसेजमध्ये पट्टी नको.

चौथा, पाइपातून नवी तार ओढणं. सगळ्यात नेटकं आणि सगळ्यात बेभरवशाचं. पाइप स्लॅब टाकताना घातलेला. बेंडमध्ये सिमेंटचं पाणी शिरून घट्ट झालं असेल तर दिवसभर घाम गाळून हाती काही लागत नाही.

ठरलं असं: दुपारच्या जेवणापर्यंत पाइपाचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर पट्टी. ही मर्यादा मी सुरुवातीलाच बोलून घेतली आणि मजुरीही पॉइंटवर न ठरवता दिवसावर ठरवली. मदतीला त्याच वायरमनला घेतलं. हात चांगला होता त्याचा.

प्रत्यक्ष काम

बाथरूमच्या दिव्याची एमसीबी खाली केली, बोर्ड उघडला आणि टेस्टर लावला तर सॉकेटवर फेज. सॉकेट दुसऱ्या एमसीबीवरून आलेलं होतं. मेन बंद केला, तरी पॅसेजच्या बटणावर टेस्टर पेटलाच, कारण ते इन्व्हर्टरच्या लाइनवर. एका बोर्डात तीन ठिकाणाहून वीज. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन पाडला म्हणजे बोर्ड मेला असं धरून चालत नाही. इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद केलं आणि प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावून मगच हात घातला.

स्टीलची स्प्रिंग बोर्डातून वर सारली. हातभर गेली आणि अडली. रोझकडून सारली, तीही अडली. जुनी लाल तार धरून ओढून पाहिली तर तसूभर हलेना. तार पाइपात घट्ट बसली असती तर थोडी तरी ताणली गेली असती. ही एकाच जागी ठाम अडत होती. म्हणजे मध्ये कुठेतरी जंक्शन डबा होता आणि तारांना तिथे जोड होता.

डबा सापडेना. पॅसेजच्या भिंतीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, सगळीकडे भरीव आवाज. शेवटी बाथरूमवरच्या माळ्यावर चढलो. पितळी पातेली, गणपतीच्या आरासाचे थर्माकोल, दोन सुटकेसी खाली काढल्या. मागच्या भिंतीवर रंगाचा पातळसा गोल उंचवटा दिसला. झाकणावर किमान तीन वेळा रंग बसलेला, स्क्रूच्या खाचा बुजलेल्या. ब्लेडने कडा कापून झाकण उघडलं. आत हाताने पिळलेले जोड आणि त्यावरची टेप सुकून तिचा भुगा झालेला. काळ्या तारेच्या जोडाजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. दिव्याने आणि पंख्याने मिळून पन्नासेक वॉट ओढले असतील. एवढ्याशा लोडवरही सैल जोड तापतो.

इथे एक निर्णय घेतला. मूळ बेत फक्त एक नवी तार ओढायचा होता. पण जुन्या तारांचं आवरण बोटाने वाकवलं की तडकत होतं. तेव्हा चारही नव्या घालायच्या, दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या. लोड पाहता एकची तारही चालली असती, पण ओढताना दीडची बरी.

रंग ठरवले: दिव्याचा फेज लाल, पंख्याचा पिवळा, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. पंख्याला निळी वापरू असं वायरमन म्हणत होता, त्याच्या पिशवीत निळी होतीच. निळी आपल्या जुन्या पद्धतीत फेजचा रंग आहे हे खरं, पण हल्ली उपकरणांच्या दोरीत निळी म्हणजे न्यूट्रल असते. पुढच्याचा गोंधळ नको म्हणून पिवळी.

जुन्या तारांच्या टोकांना नव्या चार बांधल्या, पण सगळ्या एका जागी नाही. एकीच्या मागे दुसरी, अशी दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि बेंडमध्ये अडकत नाही. वरून टेप निमुळती गुंडाळली आणि अंगाला लावायची पावडर चोळली. मी माळ्यावरून ओढतोय, तो बोर्डाकडून सारतोय. "ढील दे... थांब... आता दे." पहिला टप्पा बोर्ड ते डबा, दुसरा डबा ते रोझ. बेंडपाशी दोनदा मागे घेऊन परत ओढावं लागलं, पण जेवणाच्या आत चारही तारा रोझमधून बाहेर आल्या होत्या.

बाकीचं लवकर उरकलं. डब्यात पिळलेल्या जोडांऐवजी स्क्रूचे कनेक्टर बसवले. रोझपासून पंख्यापर्यंत जुनी चपटी वायर काढून तीन तारांची केबल छताच्या वरून नेली आणि पंख्याच्या पत्र्याला पहिल्यांदाच अर्थ मिळाली. बोर्डात कोऱ्या जागी नवं बटण बसवलं, शेजारच्या बटणाच्या फेजवरून लूप दिला. अर्थ नुसती जोडून भागत नाही, ती जिवंत आहे का हे पाहावं लागतं. पंख्यापाशी फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरला, तो पूर्ण उजेडाने लागला.

आरसीसीबी आणि बाल्कनी

मुख्य डब्यात फक्त मेन स्विच आणि एमसीबी होत्या. बाथरूमसाठी एवढं केलंच आहे तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा, असं मी सुचवलं. घरमालक लगेच तयार झाले. बसवली, एकेक एमसीबी वर केली, सगळं ठीक. संध्याकाळी सुनेने बाल्कनीचा दिवा लावला आणि अख्खं घर अंधारात.

नवं काहीतरी बिघडलं असणार, असा घरात सूर निघाला. आरसीसीबी काढून टाका, असंही कुणी म्हणालं. अशा वेळी बऱ्याच घरांत ती खरोखरच काढली जाते. मी बाल्कनीचा होल्डर उघडला. आत लाल आणि हिरवी. काळी तार पाइपात कुठेतरी तुटली होती आणि कुणीतरी हिरवीला न्यूट्रल करून दिवा चालू केला होता. घरमालकांना आठवलं, काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत हा दिवा बंद पडला होता आणि मिळेल त्या माणसाला बोलावून पाच मिनिटांत लावून घेतला होता.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करते. ९ वॉटच्या बल्बला ४० मिलिअँपिअर तरी लागतात. ते सगळे अर्थमधून परत जात होते, आणि ही ३०च्या आतच पडते. म्हणजे ती तिचं काम चोख करत होती. इतकी वर्षं दिवा लागत होता म्हणून कुणाला पत्ता नव्हता. बाल्कनीची काळी तार ओढायला दुसऱ्या दिवशी बाथरूमपेक्षा जास्त वेळ गेला, कारण तिथे डबाच नव्हता.

निष्पत्ती

अण्णा रात्री दिवा लावून जातात. थंडीत आंघोळ उबेत होते. व्हेंटिलेटरपाशी दरवर्षी सोडायचा आणि जोडायचा जोड गेला. ज्यासाठी काम काढलं होतं ते झालं.

पण पावसाळ्यात फोन आला: छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके, बुरशी. पाहिलं तर पंखा उत्तम चालत होता, चालवत मात्र कुणी नव्हतं. पूर्वी दिव्याबरोबर तो नाइलाजाने लागायचा आणि आवाज करत का होईना, वाफ बाहेर काढायचा. बटण वेगळं झालं आणि आंघोळीनंतर ते दाबायची आठवण कुणालाच राहिली नाही. मुलीने एकदा दाबलं तर पंखा रात्रभर चालू राहिला. ४० वॉटचा पंखा दहा तास म्हणजे ०.४ युनिट, बिलात दिसणारही नाही, पण जुन्या मोटरीला ते बरं नाही.

शेवटी पंख्याच्या बटणाच्या जागी ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा टायमर बसवला. आंघोळ करून बाहेर आलं की दाबायचं, पंधरा मिनिटांनी पंखा थांबतो. टायमर घेताना तो मोटरच्या लोडसाठी आहे ना हे पाहून घेतलं. काही फक्त दिव्यांसाठी असतात. अशा टायमरला बोर्डात न्यूट्रल लागते, ती सॉकेटमुळे तिथे होतीच. आणखी एक गोष्ट दिसली. दाराला खालून रबरी पट्टी लावली होती. पंखा हवा बाहेर फेकणार तर आत यायला वाट हवी. पट्टी काढली, तेव्हापासून आरसा लवकर कोरडा होतो असं सूनबाई सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

टाइल्स आणि छत बदललं तेव्हा भिंत उघडीच होती. तेव्हा एक जास्तीचा पाइप आणि एक तार टाकायला गवंड्याच्या अर्ध्या तासापलीकडे काही लागलं नसतं. बाथरूमचं काम निघालं की लोक टाइल्सच्या रंगावर आठवडा घालवतात आणि वायरमनला शेवटच्या दिवशी बोलावतात.

मुळात पंख्याचा आवाज हीच अडचण असती, तर नवा, शांत पंखा बसवून भागलं असतं, वायरिंगला हात न लावता. थंडीचा मुद्दा होता म्हणून बटण वेगळं करणं योग्य ठरलं. पण हा प्रश्न पहिल्या वायरमननेही विचारला नाही आणि घरच्यांनीही नाही. टायमरचं बोलणंही काम ठरवतानाच व्हायला हवं होतं. एक साधं बटण आणून ते पुन्हा काढावं लागलं नसतं.

कामाचा क्रमही उलटा असता तर बरं. आरसीसीबी आधी बसवली असती तर बाल्कनीची भानगड सकाळीच कळली असती, दिवसाउजेडी. आता मी जुन्या घरात काम घेताना सुरुवात तिथूनच करतो आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की दुसरीकडचं काही उघडं पडेल, त्याचे पैसे वेगळे.

डबा सापडला नसता तर पट्टी मारली असती आणि सुनेची नाराजी पत्करली असती. त्यात काही बिघडलं नसतं. मुख्य डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: कोणती एमसीबी कशाची, जंक्शन डबा माळ्यावर कुठे, पिवळी तार पंख्याची. घरात दुसरंही एक बाथरूम आहे, त्याचा रोझ अजून उघडलेला नाही. तिथेही एक्झॉस्ट दिव्याच्याच बटणावर चालतो. पुढचं रंगकाम निघेल तेव्हा तो आधी उघडायचा, असं घरमालकांनी त्याच कागदावर खाली पेनाने लिहून ठेवलं आहे.